राजवस्त्र आणि अश्वखूर

वस्त्राचा उपयोग केवळ अंग झांकण्यापुरता असता, तर सम्राटांस त्याविषयीं आज्ञा काढाव्या लागल्या नसत्या. चीन देशावर इ. स. १६४४ पासून १९१२ पर्यंत राज्य करणाऱ्या मांचू घराण्याची हकीकत वाचतांना हा विचार आमच्या मनांत वारंवार येतो.

मांचू लोक मूळचे ईशान्येकडील. घोडदौड व तिरंदाजी हा त्यांचा अभिमान. त्यांच्या अंगरख्याची बाही अरुंद असून तिचें टोंक घोड्याच्या खुराच्या आकाराचें असे. घोड्यावर बसलें असतां हाताची पाठ त्यानें झांकली जाई. पेकिंगच्या राजवाड्यांत हीच बाही रेशमी झाली. एरवीं ती वर उलटवून ठेवीत, आणि दरबारांत गुडघे टेकण्यापूर्वीं झटकून खालीं सोडीत.

दरबारी पोशाखाचा थाट मोठा. तेजस्वी पिवळा रंग सम्राटाचा. त्याच्या उत्सवाच्या झग्यावर नऊ ड्रॅगन भरलेले असत. त्यांपैकीं एक पदराखालीं दडलेला, त्यामुळें समोरून पाहा कीं मागून, दिसत पांचच! मुलकी अधिकाऱ्यांच्या छातीवर पक्षी, लष्करी अधिकाऱ्यांच्या छातीवर पशु. पहिल्या प्रतीच्या मुलकी अधिकाऱ्यास सारस. गळ्यांत १०८ मण्यांची माळ. ती बौद्ध जपमाळेवरून घेतलेली, म्हणजे तिचें मूळ आपल्याच भरतखंडांत. परंतु तेथें ती दर्जाची खूण झाली. नित्याचा अंगरखा मात्र एकरंगी, नक्षी असली तर विणींतली.

चिएनलुंग सम्राटानें १७५९ सालीं राजविधींच्या साहित्याचा सचित्र ग्रंथ सिद्ध करविला. त्यांत पोशाखाचे नियम होते, आणि पूर्वजांचा वेष सोडूं नये असा वंशजांस इशाराही होता. वेष टिकला. परंतु मांचू भाषा व धनुर्विद्या विसरत चाललेल्या आपल्याच लोकांस त्याच सम्राटास पुनःपुन्हां खडसवावें लागलें. बाही उरली, आणि तिच्यांतील हात धनुष्य विसरला.

याचा अर्थ जुनें वस्त्र टाकून द्यावें असा आम्ही करीत नाहीं. खुराच्या आकाराची ती बाही नसती, तर आपले पूर्वज कोण होते याची आठवणही त्यांस कोणी दिली नसती. वस्त्र आठवण देतें. विद्या मात्र ज्याची त्यानेंच रोज कमवावी लागते.

आमच्या घरीं एक वडिलार्जित मुकटा आहे. पूजेच्या वेळीं तो नेसतांना हल्लीं आम्हांस ती बाही आठवते, आणि मंत्र जरा सावकाश, अर्थाकडे लक्ष देऊन म्हणावेसे वाटतात.