काळ्या मैनेचे कुंपण

मंडळी, वैशाखात कधी नारायणपूरच्या बाजूने पुरंदर किल्ला चढून पाहा. गवत वाळून पांढरे पडलेले, दगडावर पाय टेकवत नाही. पण करवंदीच्या जाळ्या हिरव्यागार! पान जाड, तोडले की पांढरा चीक. तिथे पाणी कोण घालते हो?

आमच्या मळ्याला दर वर्षी बाभळीच्या काट्यांचे कुंपण. निम्मे वाळवी खाते, उरलेले चुलीत जाते. म्हणून गडावरची पिकली करवंदे आणली, बिया धुऊन डबीत जपल्या आणि पुढच्या मृगात पेरल्या. एकही उगवली नाही! करवंदीचे बी ताजेच लावावे लागते, हे वर्ष वाया गेल्यावर कळले. दुसऱ्या खेपेस घरी येताच पिशव्यांत टोकले. वर्षाची रोपे पावसाळ्यात बांधावर दीड-दोन हातांवर लावली. पहिला उन्हाळा तेवढे तांब्या-तांब्या पाणी घाला आणि शेळ्या दूर ठेवा. कोवळा शेंडा त्या सोडत नाहीत.

चौथ्या वर्षी जाळी अशी गुंतली की गुरे तोंड घालीनात. कच्च्या करवंदांचे लोणचे होते. पिकलेली पोरे परस्पर संपवतात. सदऱ्यांवरचे चिकाचे डाग मात्र काही केल्या निघत नाहीत.