नको असलेली नेमणूक

काही वर्षांपूर्वी आम्ही भाच्याकडे न्यू जर्सीला गेलो होतो. एका रविवारी मिस्सा आटोपून घरी आलो, तर तो दूरचित्रवाणीपुढे बसलेला. अमेरिकनांचा फुटबॉल आपल्या मैदानावरचा नव्हे. लांबट चेंडू हाती घेऊन, एकमेकांना पाडत खेळण्याचा तो प्रकार आम्हाला अखेरपर्यंत नीटसा उमगला नाही. परंतु भाच्याने सांगितलेली निवडीची पद्धत मात्र मनात रुतून बसली.

तेथे महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या खेळाडूने आपला संघ निवडायचा नसतो. संघ त्याला निवडतात. त्यातही गतवर्षी जो संघ सर्वांत खाली राहिला, त्याला पहिली निवड. 1936 साली प्रथम अमलात आलेल्या या नियमाला ‘ड्राफ्ट’ म्हणतात. आम्हाला द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला आठवला. दुबळ्यासाठी हा न्याय खराच; पण जो गुणी तरुण त्याच्या वाट्याला जातो, त्याचे काय?

2004 साली हाच पेच इलाय मॅनिंगपुढे उभा राहिला. पहिली निवड सान दिएगो चार्जर्स या संघाची होती. आदल्या हंगामात त्यांनी सोळांपैकी चारच सामने जिंकले होते. इलायचे वडील आर्ची हेही नामांकित खेळाडू. 1971 पासून ते न्यू ऑर्लिन्सच्या दुबळ्या संघात अकरा-बारा वर्षे झुंजले. पण तेथे एकाही हंगामात विजयांची संख्या पराभवांहून अधिक झाली नाही. मॅनिंग कुटुंबाने चार्जर्सना आगाऊच कळवले : आमच्या मुलाला निवडू नका. तरीही त्यांनी निवडले. व्यासपीठावर इलायने त्या संघाचा सदरा हाती धरला, अंगात घातला नाही. लोकांनी हुर्यो केली. थोड्याच वेळात अदलाबदल होऊन तो न्यूयॉर्क जायंट्सकडे गेला. गंमत अशी की, जायंट्सनीही आदल्या हंगामात चारच सामने जिंकले होते! तेव्हा त्याला पराभवाचे भय होते असे म्हणवत नाही. त्या घरच्या कारभारावर विश्वास नसावा.

“फादरमामा, त्याने चूक केली का हो?” भाच्याने विचारले. आम्ही उत्तर टाळले व त्याच्या बदली सान दिएगोला कोण गेले, ते विचारले.

गेला फिलिप रिव्हर्स. आपल्याच धर्माचा, पुढे दहा मुलांचा पिता झालेला. ‘आता आरंभ केला’ अशा अर्थाचे दोन लॅटिन शब्द हे त्याचे ब्रीद. सोळा हंगाम तो त्याच संघात राहिला. जानेवारी 2008 मध्ये गुडघ्याचा अस्थिबंध तुटलेला असतानाही तो न्यू इंग्लंडविरुद्ध उभा राहिला आणि हरला. दोनच आठवड्यांनी त्याच न्यू इंग्लंडला हरवून इलायने अजिंक्यपद पटकावले. 2012 मध्ये दुसऱ्यांदा. रिव्हर्सला अंतिम सामना कधी लाभलाच नाही.

त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. गुरुदीक्षेनंतरच्या दुसऱ्या वर्षी आमची नेमणूक डोंगराकडच्या एका धर्मग्रामात ठरली होती. तीस-पस्तीस कुटुंबे, गळके मंदिर, शाळेवर कर्ज. आज्ञाधारकतेचे वचन वेदीसमोर देऊन दोन वर्षेही झाली नव्हती. आम्ही वरिष्ठांना आईच्या आजारपणाचे निमित्त सांगितले. आई आजारी होती हे खरे. पण आम्ही सांगितले तितकी नव्हती. आम्हाला शहराजवळचे धर्मग्राम मिळाले आणि डोंगराकडे आमचे एक सहाध्यायी गेले. नऊ वर्षे राहिले. त्यांची पाठ तेथेच धरली. आमच्याकडे मात्र गायनवृंद, सभागृह, रौप्यमहोत्सव, सारे यथासांग पार पडले.

इलायने निदान आपला नकार उघडपणे कळवला होता.

गेल्या पावसाळ्यात हे सहाध्यायी आमच्याकडे दोन दिवस राहायला आले. जेवण झाल्यावर आम्ही त्यांना ही सारी हकिकत सांगितली. आईच्या आजारपणाचे खरेही सांगितले. ते बराच वेळ सुपारी कातरत राहिले. “मला तेव्हाच ठाऊक होते,” ते म्हणाले. मग अडकित्ता खाली ठेवून त्यांनी विचारले, “त्या सान दिएगोवाल्याचा गुडघा पुढे बरा झाला का रे?”

झाला, आम्ही म्हणालो. 2025 च्या डिसेंबरात, चव्वेचाळिसाव्या वर्षी, तो पुन्हा मैदानात उतरला होता.