साहेब, हे तुमचंच ना?

गेल्या आषाढातली गोष्ट. मुरबाड तालुक्यातल्या एका गावी भाताची लावणी पाहायला गेलो होतो. चिखलात उभ्या असलेल्या एका वहिनींनी रोप लावता लावता मूठभर काळ्या चिंध्या वर काढल्या आणि माझ्यापुढे धरल्या. म्हणाल्या, "साहेब, हे तुमचंच ना?"

माझेच होते. दोन वर्षांपूर्वी भात निघाल्यावर त्याच खाचरात मी भेंडीचे प्रात्यक्षिक घेतले होते. गादीवाफ्यांवर प्लॅस्टिकचे आच्छादन, म्हणजे आपण ज्याला मल्चिंग पेपर म्हणतो तो, अंथरला होता. पाणी वाचले, तण दबले, माल चांगला निघाला. पेपर कसा ताणायचा, भोके किती अंतरावर पाडायची, सगळे मी सांगितले. तो काढायचा कसा आणि ठेवायचा कुठे, एवढे मात्र सांगितले नाही. उन्हाने पेपर ठिसूळ झाला, पाऊस तोंडावर आला आणि त्याच्यावरूनच नांगर फिरला.

शेण, पालापाचोळा कुजून माती होते. प्लॅस्टिक कुजत नाही, नुसते फुटत जाते. तुकडा ५ मिलिमीटरपेक्षा लहान झाला, की शास्त्रज्ञ त्याला मायक्रोप्लॅस्टिक म्हणतात. तांदळाच्या कणीएवढा तुकडा वेचणार कोण? तो पाण्याबरोबर बांध ओलांडतो.

मी राहतो डोंबिवलीजवळच्या मानपाड्यात. त्या दिवशी परतताना पाऊस कोसळत होता. नाल्यावर थांबलो, तर पिशव्या, दुधाच्या थैल्या, बाटल्या खाडीच्या दिशेने वाहत होत्या. एरवी मी शहराला नावे ठेवली असती. त्या दिवशी तोंड उघडले नाही. मुरबाडचे पाणी काळू आणि बारवी नद्यांतून उल्हासला मिळते. उल्हास कल्याण-डोंबिवलीवरून पुढे खाडी होऊन वसईजवळ समुद्राला भेटते. वहिनींच्या खाचरातली चिंधी आणि माझ्या नाल्यातली पिशवी, दोघींची वाट एकच.

समुद्रात गेले म्हणून ते संपत नाही. जुहू, वर्सोवा, आक्सा आणि दादर या चौपाट्यांवर शास्त्रज्ञांनी गोळा केलेल्या प्लॅस्टिकचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात १ ते ५ मिलिमीटरचे तुकडेच सर्वांत जास्त होते. मासे ते अन्न समजून गिळतात. २०१८ साली आयआयटी मुंबईच्या संशोधकांना आपल्या समुद्री मिठातही असे कण सापडले. म्हणजे बांधावरून गेलेले परत आपल्याच ताटात आले. त्याने शरीराचे काय होते, याचा अभ्यास अजून चालू आहे. पण तोवर वाट कशाला पाहायची?

मल्चिंग पेपर वापरूच नका, असे मी सांगणार नाही. पाण्याची टंचाई असलेल्या शेतकऱ्याला त्याचा आधार आहे. मात्र स्वस्त म्हणून अगदी पातळ पेपर घेऊ नका. तो लवकर फाटतो आणि मग सबंध निघत नाही. पीक संपताच, नांगराआधी, कडेची माती मोकळी करून पेपर गुंडाळून काढा. जाळू नका, त्याचा धूर विषारी असतो. खतांच्या रिकाम्या गोणी, ठिबकच्या जुन्या नळ्या, रोपांच्या पिशव्या बांधावर टाकू नका. आणि जिथे भाताचा पेंढा हाताशी आहे, तिथे तोच अंथरा. तो कुजून खत तरी होतो.

वहिनींनी यंदाही भेंडी लावली. वैशाखात पेपर काढायला मी मुद्दाम गेलो. कुदळीने माती सैल करीत दोघांनी वाफे मोकळे केले. भंगारवाला मातीने भरलेला पेपर घेईना, तेव्हा वहिनींनी तो विहिरीजवळ धुऊन वाळत घातला. पैसे फार आले नाहीत.

जाताना त्या म्हणाल्या, "साहेब, अंथरायला शिकवलंत तेव्हाच हेही सांगायचं होतंत."

खरे आहे. म्हणून आता प्रात्यक्षिकाला गेलो, की पेपर काढायचा कसा, हे मी आधी सांगतो.