साक्षीदारांविना पुरवणी

खासगी चित्रसंग्रहावरून तंटा उभा राहिला की प्रत्येक पक्ष दिवंगत संग्राहकाच्या इच्छेचा हवाला देतो; पण ती इच्छा मुळात स्थिर होती काय, हे सहसा कोणी विचारत नाही. चित्रांच्या व्यापारात नाव कमावलेले आयरिश संग्राहक सर ह्यू लेन यांनी १९०८ मध्ये डब्लिनला आधुनिक कलेचे दालन उभारले, परंतु त्यासाठी लिफी नदीवर पुलासारखी इमारत बांधण्याची योजना तेथील महापालिकेने १९१३ मध्ये फेटाळली, तेव्हा संतापून त्यांनी माने, रेन्वार प्रभृतींची ३९ चित्रे मृत्युपत्राद्वारे लंडनच्या नॅशनल गॅलरीला देऊ केली. ती सगळी भिंतीवर लावण्यास लंडनचे विश्वस्तही राजी नव्हते. त्यांचा पुढचा हट्ट पाहता हे गमतीचेच म्हणावे लागेल.

फेब्रुवारी १९१५ मध्ये लेन यांनी कोडिसिल, म्हणजे मृत्युपत्राची पुरवणी, स्वहस्ते लिहून तीच चित्रे पुन्हा डब्लिनला दिली, आणि ७ मे रोजी ‘लुसिटानिया’ बोटीबरोबर ते बुडाले. पुरवणीवर त्यांची सही होती, साक्षीदारांच्या सह्या नव्हत्या. असा स्वहस्तलिखित कागद स्कॉटलंडमध्ये ग्राह्य धरला गेला असता, इंग्लंड-आयर्लंडमध्ये मात्र तो निष्फळ ठरला. ही अट केवळ कारकुनी नव्हे, कारण मेलेल्या माणसाच्या तोंडी सोयीचे शब्द घालणारे जिवंत लोक नेहमीच पुष्कळ असतात. भारतीय उत्तराधिकार कायदाही (१९२५) सामान्यतः दोन साक्षीदार मागतो तो याचसाठी.

लेन यांच्या मावशी, नाटककार लेडी ग्रेगरी, १९३२ मध्ये मृत्यू येईपर्यंत या चित्रांसाठी झगडल्या. दरम्यान, १९२४ मध्ये ब्रिटिश सरकारने नेमलेल्या समितीने पुरवणी वैध आहे अशीच लेन यांची समजूत होती हे मान्य केले, तरी कायदा करून मृत्युपत्र बदलू नये असा निष्कर्ष काढला, ज्यात विधिनिष्ठा आहे आणि लंडनची सोयही. १९५९ मध्ये चित्रांचे दोन गट करून ते आळीपाळीने डब्लिनला पाठवण्याची तडजोड झाली. पुढे त्यातील बहुतेक चित्रे तेथेच राहू लागली, मालकी मात्र लंडनचीच राहिली.

आयरिश बाजूच्या कैफियतीत पुरवणीतील एका अटीचा उल्लेख हळू आवाजातच होतो: लेन यांच्या मृत्यूनंतर पाच वर्षांत योग्य इमारत मिळाली तरच चित्रे डब्लिनची होणार होती, आणि चार्लमाँट हाउसमधील कायमचे दालन उघडले ते १९३३ मध्ये.