टँकबंडवरची लोर्ना

हैदराबादला नोकरीसाठी आलो तेव्हा जॅझ म्हणजे मोठ्या हॉटेलांच्या लॉबीत वाजणारं काहीतरी, एवढीच माझी समज होती. ती बदलली माझ्या गोव्याच्या रूममेटने. रविवारी सिकंदराबादला इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किटं; मग हुसेनसागरच्या काठाने टँकबंडवर फेरी. इअरफोनचं एक टोक त्याच्या कानात, दुसरं माझ्या.

पहिली भेटली लोर्ना. १९६०च्या दशकात ती मुंबईच्या क्लबांमध्ये ट्रम्पेटवादक ख्रिस पेरीच्या बँडबरोबर गायची. त्याच्याच चालींवरच्या कोकणी गाण्यांनी ती गोव्यात घराघरांत पोचली. दोघं दुरावले आणि तिचं गाणं वीसेक वर्षं थांबलं. १९९५मध्ये ती परतली. मग आली मुंबईचीच आशा पुथली, अमेरिकेत ऑर्नेट कोलमनच्या 'सायन्स फिक्शन' अल्बमात गायलेली.

पुढे आमचंही बिनसलं. कारण क्षुल्लक, घराचं डिपॉझिट. दोन वर्षं फोन नाही.

गेल्या महिन्यात टँकबंडवर एकटाच लोर्ना ऐकत होतो. दुसरा इअरफोन नुसता लोंबत होता. न राहवून त्याला फोन लावला. हॅलोनंतर काही सुचेना. म्हटलं, "लोर्ना ऐकतोय."

क्षणभर शांतता. मग तो म्हणाला, "कुठलं गाणं?"