मूळ जागी

काचबिंदूमुळे अण्णांनी गाडी चालवणे सोडले आणि ते डावीकडच्या आसनावर येऊन बसले. त्यांचे मन रमावे म्हणून, त्यांच्या सत्तराव्या वाढदिवसाला, मी गाडीतला जुना रेडिओ काढून मोठ्या काचेचा, बोटाच्या स्पर्शावर चालणारा नवा संच बसवून घेतला. ‘छान आहे,’ अण्णा म्हणाले. त्यानंतर त्यांनी त्याला हात लावल्याचे मला आठवत नाही.

हे माझ्या ध्यानात यायला दोन वर्षे लागावीत, याची आजही लाज वाटते. डोळ्यांच्या तपासणीला जाताना एकदा सिग्नलपाशी थांबलो होतो. अण्णांची बोटे त्या गुळगुळीत काचेवर काहीतरी चाचपत फिरली आणि मुकाट मांडीवर परतली. जुन्या रेडिओला एक गोल फिरते बटण होते व खाली सहा उंचवटे. तिसरा उंचवटा म्हणजे आकाशवाणीचे पुणे केंद्र, मध्यम लहरी, ७९२ किलोहर्ट्झ. नव्या संचात तर मध्यम लहरीच नव्हत्या. ज्यांची दृष्टी मंदावत होती, त्यांना मी डोळ्यांवाचून न चालणारी वस्तू भेट दिली होती.

जुना रेडिओ माळ्यावर होता. १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच, असे त्याचे ठरावीक मापाचे तोंड. नव्याची उंची याच्या दुप्पट, म्हणून रेडिओखालचा छोटा खणही तेव्हा काढावा लागला होता. तोही त्याच पिशवीत सापडला. आत टोलच्या दोन पावत्या होत्या.

खरी अडचण नवा संच बाहेर ओढल्यावर कळली. बसवणाऱ्याने गाडीचा मूळ प्लग सरळ कापून टाकला होता आणि तारा पिळून त्यांवर चिकटपट्टी गुंडाळली होती. सुदैवाने कापलेला प्लग जुन्या रेडिओच्या पाठीत तसाच अडकलेला होता, वीतभर तारांसह. म्हणजे एकाच तारेचे एक टोक गाडीत आणि दुसरे माझ्या हातात. बॅटरीची ऋण तार सोडवली आणि रंगाला रंग जुळवत एकेक सांधा डाख देऊन जोडत गेलो. दोन तारांचे रंग मात्र उन्हाने इतके विटले होते की, मीटर लावून खात्री करावी लागली. त्यांतली एक किल्ली फिरवल्यावरच जागी होते. दुसरीतून वीज अखंड येते आणि रेडिओची स्मरणशक्ती तिच्यावरच जगते. या दोहोंची अदलाबदल झाली, तर गाडी बंद होताच रेडिओ सारे विसरतो. स्पीकरच्या जोड्यांतही धन-ऋण उलटे झाले, तर आवाज येतो खरा. पण त्यातला भरीवपणा जातो. एक अख्खा रविवार यात गेला. कोणत्याही कारागिराने ते काम तासाभरात केले असते; पण ते मला दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायचे नव्हते.

बॅटरी जोडली. रेडिओने सांकेतिक अंक मागितले. चोरीच्या भयाने केलेली ही सोय. वारंवार चुकीचे अंक दिले, तर संच स्वतःला कुलूप लावून घेतो. अंकांचे कार्ड काही सापडेना. मी हाक मारण्याआधीच अण्णा अंगणातून भिंत धरत आले होते. दार उघडून ते आसनावर बसले आणि त्यांनी चार अंक सांगितले. बॅटरी बदलली की दर वेळी तेच तर ते घालत असत.

रेडिओ लागला. अण्णांचे बोट थेट तिसऱ्या उंचवट्यावर गेले. नुसती खरखर. दोन वर्षे माळ्यावर विजेवाचून पडलेल्या त्या यंत्राला केंद्रे कुठली आठवायला? मी लगबगीने पुढे झुकलो.

‘थांब,’ अण्णा म्हणाले आणि कान लावून ते गोल बटण हळूहळू फिरवू लागले.