झाडून ठेवलेले रिकामे घर



गेल्या उपवासकाळात तीन रविवार मी धर्मशिक्षणाच्या वर्गाला आले नाही. मुलांना 'आई आजारी आहे' एवढेच सांगितले होते. पूर्ण सत्य असे की, आई माझ्यामुळे आजारी पडली होती. आज ते लिहून टाकते.

आई शहात्तर वर्षांची आहे. उपवासकाळ लागण्याआधी तिला सर्दी-खोकला झाला. ताप नव्हता, धाप नव्हती. दवाखान्यात रांगेत बसायला मला सवड नव्हती. मी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मागच्या वर्षीची रिकामी पट्टी दाखवली आणि तीच अँटिबायोटिकची गोळी मागितली. पट्टीवर उभी लाल रेघ होती. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे औषध घेऊ नये, असा तिचा अर्थ, हे मला ठाऊक होते. दुकानदाराने चिठ्ठी विचारली नाही, मीही विषय काढला नाही.

खोकला आठवड्यात गेला. तो तसाही गेला असता, कारण साधी सर्दी विषाणूंमुळे होते आणि अँटिबायोटिक विषाणूंना काहीच करत नाही. पण दहा दिवसांनी आईला जुलाब सुरू झाले. दिवसातून दहा-बारा वेळा. पेज झाली, ताक झाले, मेथीचे दाणे झाले. चौथ्या दिवशी ती न्हाणीच्या दारात चक्कर येऊन पडली.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंचा पहिलाच प्रश्न होता, "गेल्या दोन-तीन महिन्यांत अँटिबायोटिक दिलं होतं का?" आईने माझ्याकडे पाहिले आणि ती गप्प राहिली. मला कबूल करावे लागले.

शौचाच्या तपासणीत 'सी. डिफिसिल' नावाचा जंतू सापडला. मी कला शाखेची पदवीधर. शास्त्राशी माझा संबंध दहावीला संपला. पण त्या रात्री बाईंनी जे समजावून सांगितले, ते मला बायबलच्या वर्गासारखे कळले.

आपल्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू राहतात, बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात. सगळ्यांचे वजन मिळून पाव किलोच्या आत. भाकरी-भाजीतला जो चोथा आपल्याला पचत नाही, तो ते पचवतात आणि त्यातून आतड्याच्या अस्तराला लागणारे अन्न तयार करतात. के जीवनसत्त्वही थोडेफार बनवतात. शिवाय ते राखण करतात. जागा आणि अन्न त्यांनी व्यापलेले असते. पित्तातल्या आम्लांचे रूप बदलून ते सी. डिफिसिलसारख्या जंतूची वाढ रोखतात. अँटिबायोटिक पोटात गेले की चोर आणि राखणदार असा भेद करत नाही. राखणदार मरतात, घर मोकळे होते. मग हा जंतू, जो बीजाणूच्या रूपात औषधाला दाद न देता टिकतो, तिथे वाढतो आणि विष सोडतो. पासष्टीच्या पुढे हा धोका जास्त. आई आम्लपित्ताची गोळी कित्येक वर्षे रोज घेत होती. तिनेही धोका वाढतो म्हणून बाईंनी ती बंद केली.

मत्तयच्या बाराव्या अध्यायात प्रभू येशू सांगतो तो दाखला मी वर्गात कितीदा शिकवला असेल. माणसातून निघून गेलेला अशुद्ध आत्मा परत येतो, तर घर झाडलेले, सजवलेले आणि रिकामे. तो आपल्याहून वाईट सात जण घेऊन येतो आणि त्या माणसाची शेवटची दशा पहिलीपेक्षा वाईट होते. मी मुलांना 'झाडलेले' यावर बोलायचे. खरा शब्द 'रिकामे' हा आहे, हे आईच्या खाटेपाशी बसून उमगले.

२०१३ साली नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी या आजारावर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ज्यांचा आजार पुन्हा पुन्हा उलटत होता, अशा १६ रुग्णांच्या आतड्यात निरोगी माणसाच्या शौचातले जिवाणू सोडले. १३ जण पहिल्याच वेळी बरे झाले. नुसते औषध दिलेल्या १३ जणांपैकी ४ बरे झाले. ऐकायला किळस येते, पण उपाय किती साधा! घर पुन्हा राहत्या माणसांनी भरले.

आईला त्याची गरज पडली नाही. दहा दिवसांच्या कॅप्सूलने ती सावरली. मला मात्र दर वेळी साबणपाण्याने हात धुवायची सक्त ताकीद होती, कारण सॅनिटायझरने हे बीजाणू मरत नाहीत. पुढे हळूहळू भाकरी, डाळ, पालेभाजी. बाई म्हणाल्या, "राखणदारांना जेवायला घाला." ते बहुतेक काही आठवड्यांत परततात, काही जातींना मात्र महिनोन् महिने लागतात.

गैरसमज नको. माझ्या वडिलांचा टीबी याच जातीच्या औषधांनी बरा झाला. ती नसती तर मी वडिलांना पाहिलेही नसते. डॉक्टरांनी तपासून दिलेले अँटिबायोटिक सांगितले तितके दिवस घ्यावे, मनाने मध्येच सोडू नये. चूक औषधाची नव्हती. चूक माझ्या घाईची होती.

घरी आल्यावर मी आईची क्षमा मागितली. ती म्हणाली, "मारायला दिलीस काय गं? बरं वाटावं म्हणूनच दिलीस." आणि थोड्या वेळाने, "पण डॉक्टरला विचारायचं होतंस की." दोन्ही वाक्ये खरी होती. प्रायश्चित्त संस्कारात मी फादरांनाही हे सांगितले.

ईस्टरच्या मिस्साला आई माझा हात धरून आली. तिचे वजन सहा किलो उतरले होते. मी घरातला औषधांचा डबा उपसला, अर्ध्या उरलेल्या पट्ट्या काढून टाकल्या. तुमच्याही घरी असा डबा असेल. आज एकदा उघडून पाहा.

आणि पुढच्या उपवासकाळात काय सोडायचे हे ठरवाल, तेव्हा त्या जागी काय ठेवणार, हेही ठरवा. प्रभू आपली घरे भरलेली राखो. आमेन.